मंगळूरची जागा

विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात येणारे पालक एकच प्रश्न विचारायला आलेले असतात, पण तिथवर पोचायला त्यांना अर्धा तास लागतो. आधी पोराची हुशारी, मग दहावीचे मार्क, मग कुणा मेहुण्याच्या मुलाला कुठं प्रवेश मिळाला ते, आणि शेवटी, "मग मॅडम, होईल ना?" नाथाजी जगदाळे यांनी असलं काही केलं नाही. खुर्चीत ताठ बसले, हातातली फाइल माझ्याकडे तोंड करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मंगळूरला फादर लोकांचं विद्यापीठ हाय. तितं फिजिओथेरपी. पोरीचा चान्स किती हाय तेवढं सांगा. पर खरं सांगा."

सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. आता साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर ते रात्रपाळी करत. गाव कोरेगावच्या रस्त्याला. रात्रीची ड्यूटी संपवून, अंघोळ करून, मुलीला घेऊन ते सकाळच्या एसटीनं थेट सांगलीला आले होते. डोळे तांबारलेले होते, पण दाढी केलेली होती आणि शर्टाला कडक इस्त्री होती.

शेजारी बसलेली शिवांजली एकोणीस वर्षांची. मान खाली घालणारी नव्हती, पण बोलायची घाईही नव्हती. मोबाइल मांडीवर उताणा ठेवून ती अधूनमधून त्याच्याकडे बघत होती. आताच्या पोरांची सवय, असं मला वाटलं.

मी अनुराधा देशिंगकर. बारा वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आणि गेली नऊ वर्षं हे प्रवेशाचं मार्गदर्शन करते. प्रत्येक संस्थेची मी वेगळी फाइल ठेवते. जागा किती, अर्ज किती, कुणाला घेतलं, कुणाला नाही. मंगळूरची फाइल मी काढली. कॅथलिक धर्मसंघानं चालवलेलं विद्यापीठ ते. साठातल्या तीस जागा ख्रिस्ती मुलांसाठी, काही त्यांच्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. बाकीच्या मुलांना उरतात वीसएक. त्यासाठी गेल्या वर्षी नऊशेच्या वर अर्ज होते. प्रवेश परीक्षा असते, बारावीचे मार्क धरतात, पण एक पानाचं निवेदन आणि मुलाखत यांनाही ते लोक तेवढंच वजन देतात.

"तिथं रोज सकाळी प्रार्थना असते," मी सांगून ठेवलं. काही पालकांना ते नंतर कळलं की ते माझ्यावर चिडतात.

"आसू द्या. आमच्या युनिटात देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च सगळं एकाच छताखाली हुतं. समदीच आत जायची. भावकी बोलतीया, तिला बोलू द्या."

मी कागद चाळले. दहावीला एक्क्याण्णव टक्के. त्यानंतर एक वर्ष रिकामं. मग अकरावी, बारावी. बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मुलीच्या अंदाजानं टक्के पंच्याहत्तरच्या आसपास पडणार होते. अर्ज बघणारा कुणीही पहिलं बोट इथंच ठेवणार.

"हे वर्ष कशानं गेलं?" मी मुलीला विचारलं.

उत्तर वडिलांनी दिलं. "घरगुती कारण."

"फॉर्मवर लिहावं लागेल."

"तेच ल्ह्या. घरगुती कारण."

मग मी तिचं निवेदन वाचलं. 'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे' असं सुरू होऊन 'मी देशाची एक आदर्श नागरिक बनेन' असं संपत होतं. असली निवेदनं मी दर आठवड्याला डझनभर वाचते. इंग्रजी बरं होतं, पण त्यात कुणी माणूस नव्हता.

तेवढ्यात तिच्या मोबाइलचा गजर वाजला. ती लगेच उठली, खिडकीपाशी गेली आणि फोन लावला. "आत्या, अकरा वाजले. आता डाव्या कुशीवर कर. उशी गुडघ्याच्या मधी घाल. आन् टाचा बघ, लाल दिसत्यात का. दिसल्या तर मला लगेच सांग." जागेवर येऊन तिनं पुढचा गजर लावला, एक वाजताचा.

"कोण आजारी आहे?" मी विचारलं.

नाथाजी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. शिवांजलीनं वडिलांकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं. राजवर्धन, तिचा मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी भरतीच्या तयारीसाठी पहाटे मोटारसायकलवरून मैदानाकडे जाताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला दिवा नव्हता. पाठीचा मणका गेला. कमरेखाली त्याला काहीच कळत नाही. आई दोघांच्या लहानपणीच गेलेली. मिरजेच्या दवाखान्यात मंगळूरकडच्या एक नन, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट होत्या, त्यांनी शिवांजलीला चार दिवसांत सगळं शिकवलं. कूस कशी बदलायची, पाय कसे हलवायचे, लघवीची नळी कशी धुवायची. तेव्हापासून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, ते तीच करत होती. शेजारी राहणारी तानुबाई आत्या फक्त कॉलेजच्या वेळेपुरती यायची. त्या सिस्टर जिथं शिकल्या तिथंच शिवांजलीला शिकायचं होतं.

मी पेन खाली ठेवलं. "अगं, मग हेच लिही. रिकाम्या वर्षाचं कारणही हेच आणि निवेदनही हेच."

"पोराचं दुखणं फॉर्मवर मांडून जागा मागायची?" नाथाजींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आमी तसलं काय मागाय आलो न्हाई मॅडम. हाय त्या मार्कावर किती चान्स हाय ते सांगा."

मी शिवांजलीकडे बघितलं. ती म्हणाली, "दादाला आवडणार नाही, मॅडम."

"मग शंभरात पंधरा," मी म्हटलं.

नाथाजींनी मान हलवली, फाइल उचलली, "आभारी हाय" म्हणाले आणि दोघं जिना उतरून गेले. मला राग आला होता. खरं सांगा म्हणायचं आणि खरं तेवढं झाकून ठेवायचं.

आठ दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, मी राजवर्धन जगदाळे बोलतोय. शिवांजलीचा भाऊ. पंधरा टक्के तुमी कशावरनं काढलं?"

मी त्याला सांगितलं. त्यानं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी पण फॉर्मच भरतो. गावातल्या भरतीच्या पोरांचं समदं ऑनलाइन मीच करतो. रकाना रिकामा सोडला की काय होतंय ते मला कळतं. माझ्याबद्दल लिवायचं का न्हाई हे त्या दोघांनी ठरवलं. मला कुणी इचारलं? तुमी साताऱ्याला येता का कवा?"

त्या रविवारी साताऱ्याच्या एका कॉलेजात माझं मार्गदर्शन शिबिर होतंच. ते आटोपल्यावर रिक्षा करून मी त्यांच्या गावी गेले. स्लॅबचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीला लागून दवाखान्यातली असते तशी लोखंडी कॉट, छताच्या कडीला बांधलेला जाड दोर, स्टँडला लावलेला मोबाइल, आणि कॉटच्या पायाशी भरतीच्या पोरांच्या कागदपत्रांचा गठ्ठा. राजवर्धनचे खांदे पैलवानासारखे होते. दोर धरून तो एका झटक्यात उठून बसला आणि मला नमस्कार केला. पांघरुणाखालचे पाय मात्र एखाद्या लहान मुलाचे असावेत इतके बारीक दिसत होते.

नाथाजी ड्यूटीवर निघायच्या तयारीत होते. मला बघून ते आत गेले, चहा होईपर्यंत बाहेर आले नाहीत आणि चहा घेऊन कामावर गेले.

"शिवे, कागद घे," राजवर्धन म्हणाला. "तू लिव. मी वाचीन. जे नको ते मी काढीन. मॅडम, चालंल ना?"

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ते निवेदन लिहिलं. खरं तर त्या दोघांनी. मी फक्त इंग्रजी नीट करत होते. तिनं 'माझा दुर्दैवी भाऊ' लिहिलं, त्यानं 'दुर्दैवी' खोडायला लावलं. तिनं 'सेवा' लिहिलं. तो म्हणाला, "सेवा देवाची करत्यात. तू काय करतीस ते लिव. किती वाजता काय करतीस ते." मग तिनं तसं लिहिलं. पाय कसे घडी घालून छातीशी न्यायचे, गुडघा कुठे अडतो, अडला की जोर का लावायचा नाही.

शेवटी बराच वेळ ती पेन धरून बसली. मग एक परिच्छेद तिनं स्वतःच लिहिला आणि वही भावाकडे दिली. पहिल्या उन्हाळ्यात एका रात्री ती गजर बंद करून झोपली होती. एकदा नाही, सलग चार रात्री. दमली होती. पाचव्या दिवशी माकडहाडापाशी कातडी काळी पडलेली दिसली. ती जखम भरायला सहा महिने लागले. भावाला ती दुखलीसुद्धा नाही, कारण त्याला तिथं काही कळतच नव्हतं. म्हणून, तिनं लिहिलं होतं, तिला हे नीट शिकायचं होतं.

राजवर्धननं ते दोनदा वाचलं. "हे तू मला कवा सांगितलं न्हाईस," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"गजर माझ्या उशाशीच वाजायचा, शिवे."

ती उठून आत गेली. मी म्हटलं, हा परिच्छेद राहू द्यावा का याचा विचार करा. फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाला अर्ज करताना आपल्याच हातून रुग्णाला इजा झाली असं कुणी लिहीत नाही. राजवर्धननं वही माझ्याकडे दिली. "ऱ्हाऊ दे. माझ्याबद्दल काय ऱ्हावं ते मी ठरवनार हुतो ना? हे ऱ्हाऊ दे."

एप्रिलमध्ये प्रवेश परीक्षा झाली आणि तिला बरे गुण पडले. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के आले. मे महिन्यात मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत व्हिडिओवर होणार होती. गावात नेटचा भरवसा नव्हता, म्हणून मी माझ्या ऑफिसातच या म्हटलं.

पडद्यावर दोघं होते. एक मध्यमवयीन फादर आणि एक म्हाताऱ्या सिस्टर. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसले. नाथाजी दाराबाहेरच्या बाकावर होते. दार उघडंच होतं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. शिवांजली सावकाश, जपून शब्द लावत होती.

फादरनी विचारलं, तू ख्रिस्ती नाहीस, इथं दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं होते, तुला चालेल का? ती म्हणाली, "घरी मी देवासमोर दिवा लावते. तिथं मी गप्प उभी राहीन. गप्प उभं राहायला मला जमतं." फादर किंचित हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग सिस्टरनी चष्मा काढला. त्यांच्या हातात तिचं निवेदन होतं. त्यांनी त्या जखमेबद्दल विचारलं. कशानं धुतली, किती खोल होती, डॉक्टरांकडे कितव्या दिवशी नेलं. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कागद खाली ठेवून सिस्टर म्हणाल्या, "तू इथं आलीस, तर रात्री दोन वाजता त्याची कूस कोण बदलणार?"

शिवांजलीनं मांडीवरच्या मोबाइलकडे बघितलं. मग ती म्हणाली, "मला माहीत नाही, सिस्टर. आमच्या घरात हा प्रश्न अजून कुणी काढलेलाच नाही."

"काढायला हवा, बाळा," सिस्टर म्हणाल्या. त्यात कठोरपणा नव्हता, पण त्यांनी तो शब्द मागेही घेतला नाही. मुलाखत संपली.

त्या क्षणी माझ्या मनातला आकडा कोसळला. कुठलीही शहाणी संस्था अशी जागा वाया घालवत नाही. जी मुलगी पहिल्या महिन्यातच घरी परतेल असं दिसतंय, तिला का घ्यायचं?

शिवांजली तोंड धुवायला गेली तेव्हा नाथाजी आत आले. "मॅडम, त्या सिस्टर शेवटाला 'हू विल टर्न हिम' म्हणाल्या. म्हंजी कूस बदलायचंच ना?"

"हो."

"आन् पोरगी 'डोन्ट नो' म्हणाली."

"हो."

टेबलाची कड धरून ते उभे राहिले. त्यांचा अंगठा लाकडावर मागेपुढे होत होता. "कारखान्यात दिवसपाळी मिळत हुती," ते म्हणाले. "तीन वर्सं मिळत हुती. मीच रात्रपाळी मागून घेतली. रातचं घरात ऱ्हायला नको म्हणून. पोरगी दर दोन तासाला उठायची ते मला ऐकवत न्हवतं. आन् त्येच्याकडं बघवत न्हवतं. सियाचीनला जोडीदाराचं पाय चोळून मी त्येला जित्ता ठिवला हुता. आन् सोताच्या पोराच्या पायाला तीन वर्सांत हात लावला न्हाई."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि तसाच धरून ठेवला. शिवांजली आली तेव्हा ते जिन्याकडे चालू लागले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, अकरावं. प्रतीक्षा यादीतून त्या विद्यापीठात दरवर्षी चारपाच मुलांना बोलावतात. मी फोनवर राजवर्धनला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पर इकडं येगळंच चाललंय. आबांनी दिवसपाळी घेतली. परवा शिवीला म्हणाले, मला दाव."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, कधी त्याच्याकडून, कधी तिच्याकडून. पहिल्या रात्री नाथाजींनी त्याला असं उचललं की तो ओरडला, "आबा, पोतं न्हाई मी!" दुसऱ्या रात्री त्यांनी त्याच्या पाठीवरून, जुन्या जखमेच्या व्रणावरून हात फिरवला आणि तसेच बसून राहिले. पण शिकवलेलं ते विसरत नसत. आठवड्याभरानं शिवांजली आत्याकडे झोपायला गेली. दहा दिवस घरात पाऊलच ठेवायचं नाही आणि नाथाजी कामावर असताना आत्यानं बघायचं, असं तिघांनी मिळून ठरवलं. नाथाजींना एकट्याला जमतंय का ते बघायचं होतं.

नवव्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला. "मॅडम, माझं नाव काढून टाका. यादीतनं. आजच मेल करा."

राजवर्धनला साताऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं. लघवीच्या वाटेनं इन्फेक्शन होऊन थंडीताप भरला होता. दोन दिवस पिशवीतली लघवी गढूळ येत होती. नाथाजींनी ती बघितली होती, पण गढूळ म्हणजे काय ते त्यांना उमगलं नव्हतं.

मी मेल केला नाही. एसटीत बसून साताऱ्याला गेले. ताप तेव्हा उतरणीला लागला होता. राजवर्धनच्या हाताला सलाइन होतं, ओठ सुकलेले. शिवांजली त्याच्या पायाशी बसली होती. नाथाजी भिंतीला पाठ लावून सरळ उभे होते, शिक्षा झालेल्या माणसासारखे.

"मॅडम, मेल केला का?" तिनं विचारलं.

"न्हाई करायचा," राजवर्धन म्हणाला.

"दादा, तू बोलू नको. झोप."

"झोपूनच हाय मी." त्यानं मान वळवली. "तुझ्या हातनं जखम झाली तवा तुला काढून टाकली का मी? सहा म्हैनं ती भरत न्हवती. परत तुझ्याच हातात पाठ दिली ना? मग आबांची एक चूक झाली तर लगेच तू घरी?"

"मरायला टेकला होतास तू!"

"तू असतानाबी टेकलो असतो. दोनदा टेकलोय. तू ऱ्हायलीस तर माझं काय व्हईल ते मला म्हाईत हाय. तू पस्तीस वर्सांची व्हशील, चाळीस वर्सांची व्हशील, आन् मी रोज तुझ्याकडं बघीन. ते मला नगं."

शिवांजली रडायला लागली. मोठ्यानं नाही, ओढणी तोंडावर धरून. कुणी तिची समजूत काढली नाही. बऱ्याच वेळानं नाथाजी भिंतीपासून पुढे झाले.

"गढूळ दिसली की त्याच दिवशी डॉक्टर. ताप शंभरच्या वर गेला की डॉक्टर. अंगाला काटा आला, घाम आला, तरी डॉक्टर," ते म्हणाले. "नर्सबाईकडनं समदं लिवून घेतलंय. भिंतीला लावतो. रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिवीन आन् फोटो तुला धाडीन. चुकलं तर बोल. पर तितनं बोल."

"परत असं झालं तर?" तिनं विचारलं.

"तर मी हाय आन् दवाखाना हाय."

उठून तिनं भावाच्या टाचा बघितल्या. मग बाजूला झाली आणि वडिलांना म्हणाली, "आबा, बारा वाजले. तुम्ही करा. मी बघते." नाथाजींनी बाह्या वर सारल्या. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांनी त्याला हळूच उजवीकडे वळवलं, उशी गुडघ्यांमध्ये सारली, चादरीची सुरकुती तळहातानं सपाट केली. तिनं कुठंही हात लावला नाही.

परतताना एसटीत मी मंगळूरची फाइल उघडली नाही. सवयीनं आकडा मांडायला गेले असते आणि त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. नऊ वर्षं मी विद्यापीठ मुलाला घेईल का तेवढंच मोजत आले होते. घर मुलाला सोडेल का, हे मी कुठल्याच फाइलीत लिहिलं नव्हतं.

जुलैच्या मध्यावर मेल आला. त्या वर्षी कर्नाटकातल्या सरकारी कॉलेजांच्या याद्या उशिरा लागल्या आणि बरीच मुलं तिकडे गेली, म्हणून प्रतीक्षा यादी बारापर्यंत सरकली. मेलखाली त्या म्हाताऱ्या सिस्टरनी स्वतः दोन ओळी घातल्या होत्या. मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रवेश घेण्याआधी कळवावं, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी फोन करून ते वाचून दाखवलं. पलीकडे फोन स्पीकरवर होता. मग नाथाजींचा आवाज आला, "मॅडम, कळवा. फादर ऑफ द पेशंट. नाव नाथाजी मारुती जगदाळे. आन् रिपोर्टिंग कवा हाय ते सांगा."

रिपोर्टिंग सोमवारी होतं. मंगळूरची गाडी मिरजेहून होती. शनिवारी दुपारी शिवांजली एकटीच साताऱ्याहून आली. एक ट्रंक, एक सॅक, आणि आत्यानं दिलेली चटणी-भाकरीची पिशवी. तिच्याबरोबर स्टेशनवर जायला मी थांबले होते. नाथाजी आले नव्हते. त्यांनी यायचं ठरवलं असतं तर दोन पाळ्या चुकल्या असत्या, आणि रात्रीचं दर दोन तासांनी उठणं आत्याच्यानं होत नव्हतं.

"घरातनं निघताना काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. ट्रंकेला कुलूप नीट लागलंय का बघितलं. दादानं हात धरला होता, तो सोडंना. मग आबाच म्हणाले, सोड रं, एसटी जाईल."

मिरजेच्या फलाटावर पावसाची भुरभुर होती. गाडी पाऊण तास उशिरा होती. शिवांजलीनं घरी फोन लावला. राजवर्धननं उचलला.

"पोचले मी मिरजेला. आबा कुठायत?"

"हायत की. माझं पाय धूत बसल्यात. हात वलं हायत म्हनं, मागनं फोन करतो म्हनाले."

"बरं," ती म्हणाली. "गार पाण्यानं नको म्हणावं. कोमट घ्या म्हणावं."

"त्येंना ठाऊक हाय, शिवे."

तिनं फोन बंद केला आणि सॅकच्या कप्प्यात ठेवला. गाडी लागली तशी हमालानं आणि मी मिळून ट्रंक आत ढकलली. खिडकीपाशीची जागा तिला मिळाली होती. मी तिला पाण्याची बाटली दिली, विद्यापीठातल्या सिस्टरांचा नंबर परत एकदा तपासायला सांगितला. गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, पण हात हलवला नाही. दोन्ही हात तिनं मांडीवर ठेवले होते, मोकळे, आणि त्यांचं काय करायचं ते तिला सुचत नसावं.